रुमालाखालचा भाव

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या हंगामात
कुत्रीसुद्धा पिवळी असतात.
चहाच्या ग्लासाची कड, दहाच्या नोटेची घडी,
हमालांच्या पापण्या,
बँकेच्या काउंटरवर दोरीला बांधलेलं पेन.
अप्पा आंघोळ करायचे तेव्हा मोरीतून पाणी वाहायचं
नवरदेवाची हळद उतरवल्यासारखं.
आई म्हणायची, तुमचं लग्न रोज लागतंय बाजाराशी,
मी आपली करवली.

अप्पा म्हणजे बाबगोंडा शिरगुप्पे.
तीस वर्षं एका पेढीचे सौदेकरी.
गादी त्यांची नव्हती, तिजोरी नव्हती,
उजवा हात तेवढा त्यांचा,
आणि तोही सकाळी दहा ते एक
रुमालाखाली.

रुमाल चौकड्यांचा. खाली दोन हात.
वर दोन चेहरे :
एक पानपट्टीकडे बघणारा,
एक पत्र्यावरच्या कबुतराकडे.
बोट दाबलं की हजार, पेर दाबलं की शंभर,
तळव्यावर नख ओढलं की पन्नास,
मूठ मिटली की बास, पुढचा ढीग.
पोत्यांचा मालक शिराळ्याहून रातोरात टेम्पोत बसून आलेला,
रुमालाकडे बघत राहायचा
ऑपरेशनच्या दाराकडे बघावं तसा.

लहानपणी विचारलं होतं मी,
बोटांनी खोटं बोलता येतं का हो?
म्हणाले, तोंडचं फिरवता येतं, दाबलेलं नाही.
मग पायातल्या चपला काढता काढता,
पण कमी दाबता येतं.

आता सौद्याच्या हॉलमध्ये मीच बसते संगणकावर.
लॉट नंबर दोनशे चौदा, राजापुरी, कांडी, ओल इतकी टक्के.
भाव भिंतीवर लाल आकड्यांत पळतो,
सगळ्यांना दिसतो, शिराळ्याच्या माणसालाही.
खरेदीदार मोबाईलवर तळहाताचा आडोसा धरून
काहीतरी टाइप करतात एकमेकांना
आणि बघतात पानपट्टीकडे.
गणपती पेठेतल्या जुन्या पेढीत
मोबाईलची कव्हरं मिळतात, दीडशेला दोन.

अप्पांची वाचा गेली माघात, ऐन आवक वाढताना.
उजवा हातही गेला.
मिरजेच्या दवाखान्यात तिसऱ्या रात्री
डाव्या हातानं त्यांनी माझा हात
चादरीखाली ओढून घेतला.
डावा, ज्यानं उभ्या जन्मात एक सौदा केला नव्हता,
नुसता रुमालाचा कोपरा धरायचा.
एक बोट. चार पेरं.
परत. एक बोट. चार पेरं.
पाणी हवंय? डोकं हललं नाही.
चौदाशे काय, अप्पा?
औषधाचं बिल तर बावीस हजार झालं होतं.

प्राणजीवनशेठ अजून येतात यार्डात, धंद्याला नव्हे,
वासाला.
त्यांच्या मांडीवर माझी ओढणी टाकली
आणि खालून दाबलं, जसंच्या तसं.
शेठ कबुतराकडे बघत होते.
बराच वेळ.
मग म्हणाले, अडतीस पोती होती. कांडी अशी, की मोडली तर खण्ण वाजायची.
आमचं आदल्या दिवशीच ठरलं होतं, वर जायचं नाही.
अकराशेला तोडली.
मालकानं जाताना दोघांनाही राम राम केला.
नाव? नाव कोण विचारतं, पोरी. ढीग लक्षात राहतो.

संध्याकाळी चादरीखाली हात घालून
मी त्यांच्या तळव्यात मूठ मिटली.
झालं, अप्पा. बास. पुढचा ढीग.

त्यांनी माझी बोटं एकेक करून उलगडली,
नर्स सलाईन बदलून गेली तरी उलगडतच होते,
आणि दाबलं.
एक बोट.
चार पेरं.